बंदुकीची माशी व मळसूत्र

गेल्या दिवाळींत आम्ही डहाणू तालुक्यांतील सरावली येथें एका स्नेह्यांकडे चार दिवस राहिलों होतों. त्यांची नात कॉलेजांत शिकते व एअर पिस्तुलानें नेम मारण्याचा अभ्यास करते. पिस्तुलाची माशी रुंद वाटूं लागली म्हणून ती बदलावयास बसली असतां तिळाएवढें मळसूत्र हातून निसटलें आणि शेणानें सारवलेल्या अंगणांत नाहींसें झालें. आम्ही दोघे म्हातारे व ती मुलगी, असे तिघेजण तासभर भुई चांचपीत होतों. अखेर लोहचुंबकानें तें उचललें. "आजोबा, एवढ्याशा जिनसेवांचून सगळें पिस्तूल फुकट!" असें ती म्हणाली.

नळीच्या तोंडाशीं असलेल्या उंचवट्यास आपल्याकडे माशी म्हणतात. नळीवर माशी बसावी तसाच तो दिसतो. नांव ठेवणाराची दृष्टि चांगली होती. नेमबाज मागच्या खांचेंतून ही माशी पाहतो. तिचा न्याय उलटा आहे: माशी डावीकडे सरकली कीं गोळी उजवीकडे जाते, माशी उंच केली कीं गोळी खालीं लागते. खांच व माशी यांत ३२ सेंटिमीटर अंतर धरलें, तर माशी अर्धा मिलिमीटर ढळतांच दहा मीटरांवर नेम सुमारें १६ मिलिमीटर चुकतो. आणि निशाणावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर! वारल्यांच्या धनुष्यास माशी नसते, तेथें सगळा हिशेब डोळ्यांत व दंडांत असतो.

मळसूत्राचा इतिहास मात्र आम्हांस माशीहून अधिक मनोरंजक वाटतो. १५४३ सालीं पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानांतील तानेगाशिमा बेटावर पोंचली. तेथील लोहारांनीं नळी घडविली, पण तिचें बूड बंद करणाऱ्या मळसूत्राचे आंतले आटे कसे पाडावे हें त्यांस उमगेना. ती विद्या मिळविण्यासाठीं एका लोहारानें आपली मुलगी पोर्तुगीजास दिली, अशी दंतकथा आहे. आमच्या तोड्याच्या बंदुकींत नळी दस्त्यास कातड्याच्या किंवा धातूच्या पट्ट्यांनीं आवळीत, त्यामुळें मळसूत्रावांचून पुष्कळ काम भागे.

यावरून कांहीं विद्वान असें अनुमान काढतात कीं, मराठ्यांचें राज्य मळसूत्राअभावीं बुडालें. हें आम्हांस मान्य नाहीं. महादजी शिंद्यांच्या पदरीं असलेल्या द बॉयनच्या पलटणींसाठीं आग्र्यास सँगस्टर नामक स्कॉट कारागीर तोफा ओतीत असे व बंदुकाही करवीत असे. १८०३ सालीं असईस शिंद्यांच्या तोफांनीं इंग्रजांची काय दशा केली, हें वेलस्लीच्या सैन्यांतील मृतांची व जखमींची संख्या सांगते. शिवाय त्या वेळच्या इंग्रजी बंदुकीचें मळसूत्रही हातानेंच कापलेलें असे. एकीचें दुसरीस बसत नसे. मॉडस्लेचें आटे पाडणारें यंत्र १८०० च्या सुमाराचें, आणि आट्यांचें माप सर्वत्र एकच असावें ही व्हिटवर्थची सूचना १८४१ ची. शिंद्यांचे कित्येक युरोपियन अंमलदार ऐन युद्धाच्या तोंडीं चाकरी सोडून गेले, त्याचा दोष बिचाऱ्या मळसूत्रावर कशाला?

आजचें बिनडोक्याचें बारीक मळसूत्र पुढचें आहे. कारखान्यांत फिरत्या दांड्यावरील मळसूत्राचें डोकें मजुरांच्या कपड्यांत अडकून अपघात होत. म्हणून डोकें काढून पोटांत षट्कोनी खांच ठेवण्यांत आली. अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरीं ॲलन यानें १९१० च्या सुमारास त्याचें पेटंट घेतलें. कोल्टचा पिस्तुलांचा कारखाना त्याच शहरीं, आणि मळसूत्र सैल होऊं नये म्हणून आट्यांत घालावयाचा, हवा तुटली कीं घट्ट होणारा रसही तेथील ट्रिनिटी कॉलेजच्या क्रीबल या रसायनाच्या प्राध्यापकानें १९५३ सालीं शोधिला. प्राध्यापकांच्या हातून कधींमधीं उपयोगाचें कांहीं घडतें, याची ही नोंद असूं द्यावी.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं जकार्ताच्या आशियाई स्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें, तेव्हांपासून आमच्या स्नेह्यांच्या नातीस हा नाद लागला आहे. दुसऱ्या दिवशीं तिनें त्या रसाचा टिपूस लावून मळसूत्र हलक्या हातानें बसविलें. फार आवळल्यास षट्कोन झिजतो, हें ती आम्हांसच समजावून सांगत होती. या खेपेस मात्र पिस्तुलाखालीं स्वयंपाकघरांतील मोठी परात होती.