मस्टरवर न चढलेले काम

मस्टरवर नाव नसले की केलेल्या कामाचाही पगार बुडतो, हे आम्ही कामगार संघटनेत वर्षानुवर्षे पाहत आलो. विद्येच्या क्षेत्रातही असे एक मस्टर आहे. कोणाच्या लेखाचा आधार किती जणांनी घेतला, याची विज्ञानापुरती सूची १९६४ पासून अमेरिकेत नियमित निघू लागली.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा हिशेब या मस्टरवर मांडून पाहू. १९४३ साली त्यांनी संख्याशास्त्रातील एक पद्धत मांडली. जगात ती रूढ झाली कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने. गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे त्यांचे १९४४ चे सूत्र मात्र आजही त्यांच्याच नावाने चालते. जुनी नाणी तोलून झिजेवरून काळाचा अंदाज बांधणारा आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा ग्रंथ लिहिणारा हाच माणूस, हे ते सूत्र वापरणाऱ्या कित्येकांच्या गावीही नसते. प्रत्येक खाते आपल्यापुरतेच मोजते.

आम्ही मस्टरचे वैरी नव्हे. त्यासाठी तर आम्ही भांडलो. पण त्यातून सुटलेले नाव शोधून काढणे, हेही हिशेबनिसाचेच काम आहे.