कान्हेरी : पाण्याच्या वाटांचें नगर

ज्या नगरांतून रस्त्यांच्या ठिकाणीं पाणी वाहतें, अशा नगरांचें माणसाला फार आकर्षण वाटतें. इटलींतील व्हेनिस, हॉलंडांतील आम्स्टरडॅम, चीनमधील सूचौ हीं शहरें पाहण्यासाठीं देशोदेशींचे प्रवासी जातात, नावेंत बसतात, पुलांवर उभे राहतात आणि घरीं परतल्यावर वर्षानुवर्षें त्या पाण्याच्या गोष्टी सांगतात. पण व्हेनिसविषयीं एक गोष्ट प्रवाशांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. त्या नगराभोंवतालचें पाणी खारें. पिण्याला त्याचा उपयोग नाहीं. म्हणून तेथील लोकांनीं शतकानुशतकें पावसाचें पाणी चौकाचौकांतून जमिनीखालीं उतरविलें, वाळूंतून गाळलें आणि चौकाच्या मध्यावरील विहिरींतून उपसून प्यालें. १८८४ सालीं नळाचें पाणी आलें, तोंपर्यंत व्हेनिसची तहान बहुतांशीं ह्याच पाण्यानें भागत असे. कालव्यांनीं त्या नगराला शोभा दिली. जीवन दिलें तें चौकांखालच्या टांक्यांनीं.

हीच विद्या पाहावयाची असेल, तर मुंबईकरानें समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. बोरिवली स्टेशनावर उतरावें, पूर्वेकडे असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत शिरावें आणि डोंगराच्या दिशेनें सुमारें ६ किलोमीटर जावें. तेथें कान्हेरीचीं लेणीं आहेत. जुन्या प्राकृत लेखांत ह्या डोंगराला कण्हसेल म्हटलें आहे. संस्कृतांत तो कृष्णगिरि, म्हणजे काळा डोंगर. शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह म्हणजे एक नगरच होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास येथें खोदकामास आरंभ झाला आणि पुढें सुमारें हजार वर्षें येथें बौद्ध भिक्षूंची वसति राहिली. ह्या नगराला राहण्याच्या खोल्या होत्या, प्रार्थनेचें मंदिर होतें, सभागृह होतें, स्मशान होतें, आणि ह्या सर्वांना जोडणाऱ्या, कातळांत कोरलेल्या पायऱ्यांच्या गल्ल्या होत्या. पाण्यालाही येथें स्वतःच्या गल्ल्या होत्या. त्या आजही दिसतात. फक्त पाहणाऱ्याची नजर तिकडे वळावी लागते.

नगर वसावयाला ही जागा कां निवडली गेली, हें नकाशा पाहिला म्हणजे कळतें. साष्टी बेटाचा हा मध्यभाग. उत्तरेस वसईच्या खाडीपलीकडे सोपारा, पूर्वेस खाडीच्या वाटेवर कल्याण, दक्षिणेस किनाऱ्यानें चौल. अशीं तीन नामांकित बंदरें एकदोन दिवसांच्या वाटेवर. व्यापाऱ्याला पुण्य हवें होतें आणि भिक्षूला एकान्त; दोघांचेंही काम ह्या डोंगरानें केलें. येथील लेखांत दाते म्हणून राजे थोडे आणि व्यापारी, कारागीर फार. कल्याणचा लोहार आहे, सोपाऱ्याचा रत्नकार आहे. कल्याणच्या सामिदत्त नांवाच्या सोनारानें दान दिलें तें मूर्तीचें नव्हे, पोढीचें. पोढी म्हणजे कातळांत खोदलेलें पाण्याचें टांकें. सोन्याची पारख करणाऱ्या त्या माणसानें ह्या डोंगरावर अधिक मोलाचें काय आहे, हें बरोबर ओळखलें होतें.

कारण पाण्याचा प्रश्न येथें बिकट होता. ह्या भागांत वर्षाकाठीं दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. भिक्षूंनीं पावसाळ्यांत फिरूं नये, एका ठिकाणीं राहावें, असा संघाचा नियम. त्याला वर्षावास म्हणत. पुढें वसति बारमाही झाली. चार महिने पाण्यापासून घराचें रक्षण करावयाचें आणि आठ महिने त्याच पाण्यावर जगावयाचें, असें हें दुहेरी संकट होतें. कान्हेरीच्या पाथरवटांनीं एकाच उपायानें दोन्ही संकटें निवारलीं.

त्यांची रीति अशी. लेण्याच्या दर्शनी भागावर, भुंवईसारखा, कातळांत एक चर कोरावयाचा. माथ्यावरून उतरणारें पाणी त्या चरांत अडतें, ओसरींत ठिबकत नाहीं आणि बाजूला वळतें. तेथून तें अंगणाच्या कडेला असलेल्या टांक्यांत उतरतें. टांक्याचें तोंड लहान आणि पोट मोठें. पोटाचा बराचसा भाग अंगणाखालीं कातळांत गेलेला. तोंड लहान असल्यामुळें ऊन पोंचत नाहीं, पाणी आटत नाहीं, थंड राहतें आणि पालापाचोळाही कमी पडतो. बहुतेक लेण्यांच्या दारीं असें टांकें आहे. उरलेलें पाणी चरांच्या वाटेनें उताराला लागतें आणि दोन डोंगरांमधल्या ओढ्याला मिळतें. तो ओढा अडविण्यासाठीं घातलेल्या बंधाऱ्याचे अवशेषही सांपडले आहेत. म्हणजे घराघराचें टांकें निराळें आणि गांवाचा सांठा निराळा, अशी ही व्यवस्था होती. व्हेनिसच्या कालव्यांतून नावा चालतात. कान्हेरीच्या चरांतून कागदाची होडी सुद्धां जेमतेम जाईल. पण नगर जगविण्याचें काम त्या चरांनीं केलें.

पाण्याच्या टांक्यानें इतिहासावरही केवढा प्रकाश पडतो, तें मोठ्या चैत्याच्या जवळच असलेल्या एका टांक्यावरील लेखावरून दिसतें. प्रवासी त्यापुढून न थांबतां निघून जातात. लेख संस्कृतांत आहे आणि तुटलेला आहे. वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णि ह्याची राणी कार्दमक राजवंशांतील असून ती एका महाक्षत्रपाची कन्या होती, आणि शतेरक नांवाच्या अमात्यानें हें ‘पानीयभाजन’ दान दिलें, असें तो सांगतो. महाक्षत्रपाच्या नांवाचें ‘रु’ हें एकच अक्षर राहिलें आहे. बहुतेक विद्वान् तो रुद्रदामा असें मानतात. आतां गिरनारच्या शिलालेखांत, इ. स. १५० च्या सुमारास, रुद्रदामा म्हणतो कीं, दक्षिणापथपति सातकर्णि ह्याला दोनदां जिंकूनही संबंध जवळचा असल्यामुळें त्याचा उच्छेद केला नाहीं. तो जवळचा संबंध कोणता असावा, ह्याचा धागा सांपडला तो कान्हेरीच्या ह्या टांक्यावर. दोन लढणाऱ्या घराण्यांची सोयरीक कोणत्याही राजवाड्यांत नोंदलेली सांपडली नाहीं; ती तहानलेल्या भिक्षूंसाठीं खोदलेल्या एका टांक्यानें जपून ठेविली.

पाहणाऱ्यानें मूर्ति आणि मंदिरें टाळावीं, असा ह्याचा अर्थ नव्हे. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य तर पाहिलाच पाहिजे. यज्ञश्री सातकर्णीच्या काळीं तो खोदला गेला. आंत ३४ खांबांच्या रांगा आणि टोंकाला स्तूप आहे, आणि ओसरीच्या दोन्ही अंगांस वीस फुटांहून उंच अशा बुद्धमूर्ति उभ्या आहेत. पोर्तुगीज अमलांत ह्याच चैत्याचें कांहीं काळ ख्रिस्ती मंदिर झालें होतें. ११ व्या क्रमांकाच्या लेण्याला दरबार म्हणतात. त्याच्या लांबच लांब दगडी बैठकींवर बसलें म्हणजे भिक्षूंची पंगत किंवा सभा डोळ्यांपुढें उभी राहते. ३४ व्या लेण्यांत छतावर अपुऱ्या चित्राच्या रेषा आहेत. ४१ व्यांत अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. ८७ व्या क्रमांकापाशीं विटांच्या लहान स्तूपांचे पाये आहेत. दिवंगत भिक्षूंचें तें विश्रांतिस्थान.

मग ९० व्या लेण्यापर्यंत चढून जावें, कारण तेथें आपल्यापूर्वीं येऊन गेलेल्या प्रवाशांची गांठ पडते. इ. स. १००९ आणि १०२१ ह्या सालीं कांहीं पारशी मंडळी हा डोंगर पाहावयाला आली आणि आपलीं नांवें पहलवी लिपींत भिंतीवर कोरून गेली. आपला देश सोडून आलेल्या, धर्मानें निराळ्या असलेल्या ह्या माणसांना ह्या जागेचें कौतुक वाटलें, एवढी गोष्ट त्यांतून निःसंशय कळते. त्यांचे लेख आज इतिहासाचें साधन झाले आहेत. म्हणून आपणही नांव कोरावें, असें मात्र कोणीं मनांत आणूं नये. हजार वर्षांपूर्वीं दगडावर लिहिणें हा नोंद ठेवण्याचा एक मार्ग होता. आज तो दगडाचा नाश आहे.

कान्हेरी हिंवाळ्यांत पाहणें सुखाचें. पण तिचें मर्म कळावयाला एकदां तरी पावसाळ्यांत जावें, आणि पाय जपून टाकावेत. तेव्हां कोरडे चर एकाएकीं जिवंत होतात. वर धो धो पाऊस आणि ओसरींत मात्र कोरडें, हा चमत्कार उभ्यानें पाहतां येतो.

माथ्यावरून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे ह्या कथेचा दुसरा भाग सुरू होतो. मुंबईच्या विहिरी आणि तळीं वाढत्या वस्तीला पुरेनाशीं झालीं, तेव्हां इंग्रज सरकार पाण्यासाठीं आलें तें ह्याच डोंगरांत. मिठी नदी अडवून विहार तलाव झाला आणि १८६० सालीं त्याचें पाणी नळांनीं मुंबईस पोंचलें. १८७९ सालीं तुळशी तलाव त्याच्या जोडीला आला. भिक्षूंनीं अंगणाएवढ्या जागेंत जें केलें, तेंच येथें दऱ्याच्या दऱ्या अडवून केलें गेलें. पुढें तेंही अपुरें पडलें. १८९२ सालीं तानसाचें पाणी आलें, मग वैतरणेचें, मग भातसेचें. आज नगराची तहान बहुतेक दूरच्या जिल्ह्यांतील धरणांवर भागते, आणि आपल्याच डोंगरावर पडणारा पाऊस हा नगराला धनाऐवजीं उपद्रव वाटूं लागला आहे.

ह्या उपेक्षेचें फळ २६ जुलै २००५ रोजीं दिसलें. त्या एका दिवसांत सांताक्रुझ येथें ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी पात्र सोडून घराघरांत शिरली आणि शेंकडों माणसें प्राणास मुकलीं. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर ह्या उपनगरांतील चारही नद्या ह्याच डोंगरांत उगम पावतात. पुढें भराव, भिंती आणि कचरा ह्यांनीं त्यांच्या वाटा आवळल्या गेल्या. अशा महापुराला कोणतेही चर पुरे पडले असते, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु पाण्याची वाट मोकळी ठेवावी, हा कान्हेरीचा पहिला धडा. तो गिरविला असता, तर हानि खचित कमी झाली असती.

दुसरा धडा दानलेखांत आहे. कान्हेरीचे दाते नुसतें लेणें देऊन थांबत नसत. पुष्कळांनीं अक्षयनीवि, म्हणजे कायमची ठेव, लावून दिली आणि तिच्या व्याजांतून वा शेताच्या उत्पन्नांतून भिक्षूंची वस्त्रादि सोय केली. नवव्या शतकांत, राष्ट्रकूट सम्राट् अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक शिलाहार ह्यांच्या काळच्या लेखांतही दुरुस्तीसाठीं आणि ग्रंथांसाठीं ठेवी दिल्याचा उल्लेख आहे. बांधणें हें एका दिवसाचें पुण्य. राखणें हें रोजचें. टांकीं हजार वर्षें उपयोगी पडलीं, तीं केवळ कातळ टणक म्हणून नव्हे. दर उन्हाळ्यांत कोणीतरी गाळ उपसला असेल, पहिल्या पावसापूर्वीं कोणीतरी चरांतला पाला काढला असेल. त्या माणसांचीं नांवें कोणत्याही भिंतीवर नाहींत.

कान्हेरी पाहावयास जाणाऱ्या कुटुंबानें म्हणूनच एवढें करावें. मोठा चैत्य पाहून परत फिरूं नये. एखाद्या साध्या, मूर्तिहीन लेण्याच्या अंगणांत बसावें, मुलांना वरच्या चराची रेघ बोटानें दाखवावी आणि ती कोठें जाते, हें त्यांनाच शोधूं द्यावें. तीं टांक्यापर्यंत पोंचलीं आणि आंत वांकून पाहूं लागलीं, म्हणजे सहल सार्थकीं लागली. मात्र त्या वेळीं त्यांचा हात घट्ट धरावा, आणि त्या पाण्यांत कांहीं टाकूं देऊं नये.