वामनाच्या पावलाचा हिशोब

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मंडईत गेलो होतो. भवानीची जुडी माझ्या पिशवीत टाकत भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो!" श्रोतेहो, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. पण बळीला पाताळात घालणारा वामन तर विष्णूचा अवतार. मग आपण पूजा कुणाची करतो आणि राज्य कुणाचे मागतो?

या विसंगतीवर ज्यांनी नेमके बोट ठेवले, त्यांचेच नाव आज या मंडईला आहे. १८८६ साली उभी राहिलेली ही दगडी इमारत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाई. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या, असे त्यांचे म्हणणे. पुढे मंडईला त्यांचेच नाव मिळाले.

जोतीरावांचे 'गुलामगिरी' १८७३ सालचे. त्यात धोंडिबाशी गप्पा मारता मारता ते वामनाच्या पावलाचा हिशोब मांडतात. एका पावलात पृथ्वी व्यापली, तर त्याखाली गावेच्या गावे चिरडली नाहीत का? दुसरे आकाशात गेले, तेव्हा तारे एकमेकांवर आदळले नाहीत का? वाचताना हसू येते. पण दशावतारांकडे ते आक्रमणाची कहाणी म्हणून पाहतात, आणि त्या थट्टेच्या तळाशी राज्य गमावलेल्या शेतकऱ्याचे दुःख आहे. त्यांचा इतिहास आज जसाच्या तसा कुणी स्वीकारणार नाही; त्यांचा प्रश्न मात्र टाळता येत नाही.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९८०च्या दशकात, डॉ. जयंत नारळीकरांनी हाच वामन विज्ञानकथेत आणला. 'वामन परत न आला' ही त्यांची कादंबरी. जमिनीत खोलवर पुरलेली एक पेटी सापडते. तिच्यात एका लुप्त, अतिप्रगत संस्कृतीचे ज्ञान असते. त्यातून शास्त्रज्ञ एक बुटका यंत्रमानव घडवतात आणि त्याचे नाव ठेवतात वामन. त्याची मागणीही लहानशीच वाटते : आपल्यासारखे आणखी यंत्रमानव घडवण्याची विद्या.

नारळीकर देवाची टिंगल करत नाहीत. पुराणातली गोष्ट घेऊन ते आपल्याला बळीच्या जागी उभे करतात. समोरचा दिसतो बुटका, मागतो थोडेसेच. देण्याआधी विचार कोण करणार? विचारी यंत्रे आज घराघरांत येत आहेत, तेव्हा हा प्रश्न केवळ कादंबरीतला राहिलेला नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यातच निवर्तले.

दोन्ही पुस्तके जरूर वाचा. आधी जोतीरावांचे, मग नारळीकरांचे. मंडईतून भाजी घेऊन निघालात, की पुस्तकांचा अप्पा बळवंत चौक काही फार लांब नाही.