भाकरीकडून भाताकडे: तेलंगणात प्रौढांचं वजन का वाढतंय?

लठ्ठपणा म्हणजे शहरातल्या श्रीमंतांचं दुखणं, असं आपल्याकडं अजूनही समजतात. आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) तेलंगणात 15 ते 49 वयाच्या 30.1 टक्के स्त्रिया आणि 32.3 टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. शेजारच्या महाराष्ट्रात हेच प्रमाण 23.4 आणि 24.7 टक्के आहे. उटनूरसारख्या आदिवासी भागात प्रश्न दुहेरी आहे. गुड्यांवर रक्ताची कमी आणि अशक्तपणा संपलेला नाही, तिकडं बाजाराच्या गावात पोटाचा घेर वाढतोय.

ताटात काय बदललं?

गोंड, कोलाम आणि मराठी घरांत पूर्वी जवारीची भाकर किंवा आंबील हेच मुख्य जेवण. 1983 साली एन. टी. रामाराव सरकारनं दोन रुपये किलोनं तांदूळ दिला आणि गरिबाच्या घरी रोज भात शिजू लागला. भूक भागली, हे मोठंच काम झालं. आज रेशनवर माणशी 6 किलो तांदूळ मिळतो, एप्रिल 2025 पासून तोही बारीक. दोष भाताचा नाही. ताटभर भात आणि नावाला डाळ-भाजी, असं रोज झालं की बिघडतं. शेतातल्या जवारीची जागाही बरीचशी कापसानं घेतली. कापूस विकता येतो, खाता येत नाही. मग तेल, साखर, बिस्किटं सगळं दुकानातून येतं.

कष्ट कमी, बैठक जास्त

जिथं पायी जायचे तिथं आता ऑटो नाहीतर मोटरसायकल. नांगरटीला ट्रॅक्टर. नोकरदार आणि दुकानदार तर दिवसभर बसूनच. काम कमी झालं, पण ताटातला भात तेवढाच राहिला.

घरातल्या सवयी

बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि वाया नको म्हणून उरलेलंही संपवते. फिरायला निघाली तर लोक विचारतात, "कुठं निघालीस?" सुटलेल्या पोटाला आपण 'खात्यापित्या घरचा' म्हणतो. दक्षिण आफ्रिकेतही भरलेलं अंग सुखाची खूण मानलं जातं. तिथं 2016 च्या पाहणीत 68 टक्के प्रौढ स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या.

कधी सावध व्हावं?

कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटरच्या वर गेला, तर शुगर आणि बीपीचा धोका वाढतो. तिशीनंतर या दोन्ही तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होतात.

एका वेळी भाकर, भात निम्मा, डाळ-भाजी दुप्पट आणि रोज अर्धा तास भरभर चालणं, एवढ्यानं सुरुवात होते. पण ती एकट्यानं टिकत नाही. घरातल्या बाईला चालायला वेळ आणि ताटात डाळ मिळाली, तरच घर बदलेल.