उष्णकटिबंधीय चपट्या माशांचे वयोमापन

उष्णकटिबंधीय चपट्या माशांचे वयोमापन म्हणजे उष्ण समुद्रांतील लेप, भाकस इत्यादी चपट्या माशांचे वय ठरवून त्यावरून त्यांच्या वाढीचा वेग व मृत्युदर काढण्याची पद्धती होय. एखाद्या जातीचा उपसा प्रमाणाबाहेर होत आहे की नाही, हे या आकड्यांवरून ठरविले जाते. मुंबई व नवी मुंबईच्या बाजारांत ‘लेप’ अथवा ‘लेपटी’ या नावाने मिळणारे मासे मुख्यतः सायनोग्लॉसस प्रजातीतील असून ‘भाकस’ म्हणजे सेटोडेस एरूमेई होय.

वयाच्या खुणा

माशाच्या कानातील चुनखडीच्या खड्यावर, म्हणजे कर्णाश्मावर, तसेच खवल्यांवर वाढीची वलये उमटतात. कर्णाश्मावरून वय काढण्याचा एक आरंभीचा प्रयोग योहान्नेस रायबिश यांनी १८९९ मध्ये युरोपातील प्लेस या चपट्या माशावरच केला. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ मंदावते व दरवर्षी एक वलय स्पष्ट दिसते. उष्ण प्रदेशात असा हिवाळा नसल्याने वलये पुसट असतात, किंवा वर्षातून एकाहून अधिक वेळाही उमटतात. चपट्या माशांत आणखी एक अडचण असते: डोळ्यांच्या व आंधळ्या बाजूंचे कर्णाश्म बहुधा सारखे नसतात. त्यामुळे कोणत्या बाजूचा खडा वाचला, याची नोंद आवश्यक ठरते.

भारतात या प्रश्नाचे उत्तर पावसाळ्यात सापडले. जी. शेषप्पा व बी. एस. भीमाचार यांनी १९५० च्या दशकात कालिकत येथे मलबारी लेपाचा अभ्यास केला (तेव्हाचे नाव सायनोग्लॉसस सेमिफॅशिएटस, आजचे सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस). नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत तळावरील अन्न दुर्मीळ होऊन वाढ खुंटते आणि खवल्यावर वलय उमटते, असे त्यांनी दाखविले. हा निष्कर्ष मलबारपुरता आहे. तो कोकणातील जातींना पडताळणीविना लावता येत नाही.

लांबीवरून अनुमान

वलये विश्वसनीय नसल्यास दरमहा शेकडो माशांची लांबी मोजून लांबीच्या गटांचे सरकणे पाहिले जाते. त्यावरून बेर्टालान्फी यांचे वाढीचे समीकरण बसवितात. त्यातील वाढीचा गुणांक वर्षाला १ असेल, तर मासा पहिल्या वर्षात कमाल लांबीच्या सुमारे ६३ टक्के व दुसऱ्या वर्षाअखेर ८६ टक्के लांबी गाठतो. एकूण मृत्युदरातून नैसर्गिक मृत्युदर वजा केला की मासेमारीमुळे होणारा मृत्युदर उरतो. नैसर्गिक मृत्युदरासाठी डॅनियल पॉली यांचे १९८० चे सूत्र सर्रास वापरले जाते. ते १७५ मत्स्यसाठ्यांच्या माहितीवर आधारलेले असून त्यात कमाल लांबी, वाढीचा गुणांक व पाण्याचे सरासरी तापमान लागते.

चुकीचा परिणाम

वलयांचा अर्थ चुकला, तर पुढील सर्व गणित चुकते. वर्षातून दोनदा उमटणारी वलये वार्षिक समजल्यास वय दुप्पट, तर वाढीचा गुणांक व एकूण मृत्युदर निम्मा येतो. खरा एकूण मृत्युदर २ व नैसर्गिक १ असल्यास मासेमारीचा वाटा ५० टक्के असतो. चुकीच्या वाचनात एकूण दर १ होतो, पण पॉलींच्या सूत्रानुसार नैसर्गिक दर सुमारे ०.६४ एवढाच उतरतो. मासेमारीचा वाटा मग ३६ टक्के दिसतो. ५० टक्के ही सामान्यतः मानली जाणारी मर्यादा गाठलेला साठा अशा वेळी सुरक्षित भासतो.

नवी मुंबई परिसरातील नमुने

दिवाळे, सारसोळे यांसारख्या कोळीवाड्यांतील मासेमारी ठाणे खाडीवर अवलंबून आहे. डोल व तिचा लहान प्रकार बोकशी यांच्या शेवटच्या पिशवीचा आस बारीक असल्याने त्यांत लहान लेपटी अधिक येते; भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या ट्रॉलरच्या मालात मोठी लेप असते. मोठा झालेला मासा खोल पाण्याकडे निघून गेला, तरी खाडीच्या नमुन्यात तो मेल्यासारखाच दिसतो आणि मृत्युदर फुगतो. म्हणून दोन्ही ठिकाणचे नमुने एकत्र वाचणे इष्ट मानले जाते. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात यांत्रिक नौकांचा माल थांबतो. वलय उमटण्याची शक्यता असलेल्या या महिन्यांत खाडीतील बिगरयांत्रिक होड्यांचेच मासे मोजायला मिळतात, आणि ते बहुतांशी लहान असतात.