सिलिंडर रुंद केला की अश्वशक्ती वाढते? एका करसूत्राचा इतिहास

(१) होडीच्या मागच्या बाजूला अडकवायच्या आउटबोर्ड इंजिनाचे सिलिंडर ‘बोअर’ केले, म्हणजे आतून कातून रुंद केले, तर त्याची अश्वशक्ती वाढते का? प्रश्न मिस्त्रीचा वाटतो. परंतु ब्रिटनने या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे गृहीत धरून जवळजवळ चार दशके मोटारींवर कर वसूल केला. आजचा धागा त्याविषयी.

(२) आधी व्याख्या. जेम्स वॉट यांनी ठरवलेल्या मापानुसार एका मिनिटात ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती. इंजिनाची शक्ती चार गोष्टींवर ठरते : पिस्टनवरील दाब, पिस्टनचे क्षेत्रफळ, त्याच्या स्ट्रोकची लांबी आणि मिनिटाला असे किती स्ट्रोक शक्ती देतात ती संख्या. बोअर केल्याने यांपैकी थेट बदलते ते केवळ क्षेत्रफळ.

(३) ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने एक सोपे सूत्र स्वीकारले : सिलिंडरच्या व्यासाचा (इंचांत) वर्ग गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले २.५. पिस्टनचा वेग मिनिटाला १,००० फूट आणि दाबही ठरावीक, असे त्यात गृहीत होते. त्या काळच्या इंजिनांना ते बरेचसे लागू पडे. १९१० पासून मोटारींवरील कर याच सूत्राने ठरू लागला आणि १९२१ पासून दर अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड असा दर आला.

(४) परिणाम तत्काळ दिसला. फोर्डच्या ‘मॉडेल टी’चे सिलिंडर ३.७५ इंच व्यासाचे, संख्येने चार. सूत्राने २२.५ अश्वशक्ती, प्रत्यक्षात सुमारे २०. म्हणजे नसलेल्या शक्तीवरही कर!

(५) ब्रिटिश अभियंत्यांनी यातून वाट काढली. सूत्रात स्ट्रोकचा उल्लेखच नव्हता. मग सिलिंडर अरुंद ठेवून स्ट्रोक लांबवला. ‘मॉरिस एट’चा व्यास ५७ मिलिमीटर, स्ट्रोक मात्र ९० मिलिमीटर. ‘ऑस्टिन सेव्हन’, ‘मॉरिस एट’ या नावांतले आकडे कराच्या अश्वशक्तीचे आहेत, खऱ्या शक्तीचे नव्हेत.

(६) सूत्र किती अपुरे होते, याचा पुरावा १९३६ चा. ऑस्टिनच्या शर्यतीच्या गाडीचे इंजिन ७४४ घनसेंटिमीटरचे, जवळपास साध्या ‘सेव्हन’एवढेच. तरीही सुपरचार्जर आणि अतिवेगवान फेऱ्यांच्या बळावर ते १०० हून अधिक अश्वशक्ती देई. सिलिंडर मोठा न करता शक्ती कित्येक पटींनी वाढली होती.

(७) करापायी रूढ झालेल्या अरुंद, लांब स्ट्रोकच्या इंजिनांना वेगाने फिरणे जड जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्यात हा ब्रिटनच्या जगण्याचा प्रश्न झाला, तेव्हा ही रचना अडसर ठरली. १९४७-४८ मध्ये अश्वशक्तीचा कर जाऊन सरसकट १० पौंडांचा कर आला. लवकरच फोर्ड कॉन्सलसारख्या गाड्यांत स्ट्रोकपेक्षा व्यास मोठा असलेली इंजिने दिसू लागली.

(८) आता होडीकडे. ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणलेले आउटबोर्ड इंजिन दीड अश्वशक्तीचे होते. समजा, नंतरच्या काळातील एका इंजिनाचा सिलिंडर ३ इंचांचा आहे आणि तो नेहमीप्रमाणे इंचाच्या तीस सहस्रांशाने रुंद केला. क्षेत्रफळ वाढले जेमतेम २ टक्के. इंजिन २० अश्वशक्तीचे असेल, तर लाभ अर्ध्या अश्वशक्तीहूनही कमी.

(९) मग बोअर केल्यावर होडी जोमाने का पळते? कारण झिजून अंडाकृती झालेल्या सिलिंडरातून दाब निसटत असतो. बोअर करून नवे, मोठे पिस्टन आणि रिंग बसवल्या की हरवलेली शक्ती परत मिळते. नवी निर्माण होत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात खरी वाढ हवी असेल, तर कार्ब्युरेटर, सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रांचे माप, धूर बाहेर पडण्याचा मार्ग आणि फेऱ्यांची गती यांकडे पाहावे लागते.

(१०) इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात एक इशारा आहे. जुन्या कागदपत्रांत ‘८ अश्वशक्ती’ असे वाचले, तर तो आकडा कोणी, कशासाठी मोजला हे आधी विचारावे. कर आकारणाऱ्याची अश्वशक्ती आणि इंजिनाची अश्वशक्ती, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.