दुसऱ्या वहीतले हक्क



गटाच्या बैठकीत आपण नेहमी म्हणतो, "योजना आली." बंद पडली की म्हणतो, "गेली." जसं काही पाऊसच आला आणि गेला. पण पोटापुरतं अन्न, कामाचा रास्त दाम, दवाखाना, म्हातारपणातला आधार या गोष्टींना जगातल्या देशांनी एकत्र बसून 'हक्क' असं नाव दिलेलं आहे, आणि त्यालाही पाऊणशे वर्षं होऊन गेली. मग हे हक्क आपल्यापर्यंत येताना योजनेसारखे का येतात? आज आम्ही त्याची जुनी गोष्ट सांगणार आहोत. ती दूरदेशी घडली, पण तिच्यात आपल्या देशातली एक बाई आहे.

त्यांचं नाव हंसाबेन मेहता. जन्म १८९७ चा, सुरतेचा. वडील बडोदा संस्थानाचे दिवाण. जातीबाहेर लग्न केलं म्हणून त्यांना त्या काळी बरंच ऐकून घ्यावं लागलं. मुंबईत परदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांपुढे त्यांनी बायकांना घेऊन निदर्शनं केली, तुरुंगात गेल्या, १९३७ मध्ये मुंबईच्या विधान परिषदेत निवडून आल्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेत भारतातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण केला तो त्यांनीच.

त्याच वर्षी त्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, कोट्यवधी माणसं मेलेली. पुन्हा असं होऊ नये म्हणून प्रत्येक माणसाचे हक्क लिहून काढायचे ठरलं. आयोगावर १८ देशांचे प्रतिनिधी, आणि त्यात बाया दोनच: अध्यक्ष असलेल्या अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट आणि आपल्या हंसाबेन.

पहिल्याच कलमाच्या मसुद्यात 'सगळे पुरुष' असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. इंग्रजीत पुरुषाला आणि माणसाला एकच शब्द चालवायची रीत होती. रूझवेल्टबाईंचं म्हणणं पडलं की या शब्दात बाया येतातच, सगळ्यांना ते समजतं. हंसाबेन म्हणाल्या, काही देशांत याचा अर्थ फक्त पुरुष असाच लावतील. आम्हाला हे लगेच पटलं. आपल्याकडेही पंगतीला "आधी माणसं बसू द्या, मग बाया" असं म्हणतातच ना? शेवटी शब्द बदलला आणि 'सर्व मानव' असा झाला. स्त्रियांच्या दर्जासाठी नेमलेल्या वेगळ्या आयोगातल्या बायांनीही त्यासाठी जोर लावला होता.

१० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. ४८ देश बाजूने, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ. त्यात मतदान, भाषण, न्याय असे हक्क आहेतच. पण शेवटाकडची कलमं वाचली तर आपल्या बैठकीतलेच विषय निघतात. समान कामाला समान मजुरी. विश्रांती आणि पगारी सुटी. अन्न, वस्त्र, घर, औषधपाणी. बेकारी, आजारपण, अपंगत्व, म्हातारपण यांत आधार. त्याच यादीत 'वैधव्य' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. नवरा गेलेल्या बाईला जगण्याची शाश्वती हा तिचा हक्क आहे, उपकार नाही, हे तिथे १९४८ सालीच लिहून ठेवलं.

एक खोच मात्र राहून गेली. पहिल्या कलमातला पुरुष गेला, पण पुढच्या कलमांत 'त्याला स्वतःला आणि त्याच्या कुटुंबाला' अशी भाषा तशीच राहिली. म्हणजे कमावणारा तो, आणि बाई त्याच्या कुटुंबातली. पुढे करार झाला त्यातही हेच शब्द उतरले. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीला खुलासा करावा लागला की या शब्दांमुळे बाईने चालवलेल्या घराचा हक्क कमी होत नाही. आपल्या देशात २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरायला सांगितलं. कार्डावर पहिलं नाव कुणाचं, ही साधी बाब नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

जाहीरनामा म्हणजे चारचौघांत दिलेला शब्द. तो कुणी मोडला तर फार तर लाज वाटेल. म्हणून पुढचं पाऊल होतं करार, जो स्वीकारला की देश बांधला जातो. १९५० मध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठरवलं की करार एकच करायचा आणि त्यात दोन्ही प्रकारचे हक्क घालायचे, बोलण्याचा आणि भाकरीचाही. पण लगेच वाद पेटला. अमेरिका, ब्रिटन यांना भाकरीचे हक्क वेगळे हवे होते. सोव्हिएत रशियाच्या गटाला ते एकत्रच हवे होते. शीतयुद्धाचे दिवस होते, एकाने पूर्व म्हटलं की दुसरा पश्चिम म्हणायचा.

या वादात हंसाबेन वेगळे करण्याच्या बाजूच्या होत्या. १९५१ मध्ये आयोगात त्यांनीच तसा ठराव मांडला. त्यांचं म्हणणं असं की हे हक्क तितकेच मूलभूत आणि महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. तो ठराव पडला. पण ५ फेब्रुवारी १९५२ ला आमसभेने स्वतःच निर्णय फिरवला: करार दोन होणार. तो फिरवण्याची सूचना करणाऱ्यांतही भारत होताच.

ज्या बाईने आपल्याला 'सर्व मानव'मध्ये आणून बसवलं, तिनेच आपली भाकरी दुसऱ्या वहीत लिहायला सांगितली! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हाला रागच आला. मग थोडं मागे जाऊन पाहिलं. मूलभूत हक्कांचा मसुदा करणाऱ्या आपल्या संविधान सभेच्या उपसमितीतही हंसाबेन होत्या, राजकुमारी अमृत कौर होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तिथेही असेच दोन भाग पडले. मूलभूत हक्क एकीकडे, त्यांच्यासाठी न्यायालयात जाता येतं. काम, पुरेशी मजुरी, बाळंतपणाची मदत, पोषण, समान वेतन हे सगळं दुसरीकडे, मार्गदर्शक तत्त्वांत. ती राज्यकारभाराचा पाया आहेत असं ३७ वं कलम म्हणतं, आणि त्याच दमात सांगतं की ती न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत.

देश नुकता स्वतंत्र झालेला, तिजोरी रिकामी, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी. न्यायाधीशाने सांगितलं म्हणून धान्य कुठून येणार, ही शंका त्या वेळी खोटी नव्हती. पण दुसरं मतही होतं. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात शेती आणि मोठे उद्योग यांची घडी संविधानातच घालून द्यावी असं मांडलं होतं. ते मान्य झालं नाही. आमचं मत विचाराल तर हंसाबेनचा हिशेब अर्धाच होता. मतदानाच्या हक्काला पैसा लागत नाही का? मतपेट्या, पोलीस, न्यायालयं यांना काय फुकटात चालवतात? तिथे कुणी "जमेल तसं" म्हटलं नाही.

दोन करार १६ डिसेंबर १९६६ ला मंजूर झाले. पहिल्या वहीतली भाषा ठाम आहे: देशाने हे हक्क पाळायचे आणि मिळवून द्यायचे. दुसऱ्या वहीतली भाषा अशी: जेवढी साधनं हाताशी असतील तेवढी लावून, टप्प्याटप्प्याने. पहिल्या वहीबरोबर तक्रारीची सोयही १९६६ मध्येच झाली. दुसऱ्या वहीला देखरेखीची स्वतंत्र समिती मिळायला १९८५ उजाडलं. एखाद्या व्यक्तीला तिथे तक्रार करता यावी यासाठीचा जोडकरार २००८ चा, आणि तो लागू झाला २०१३ मध्ये. भारत त्या जोडकरारात नाही, त्यामुळे आपली कुणाची तक्रार त्या दारात जात नाही. समितीने १९९० मध्ये एवढं मात्र स्पष्ट केलं की टप्प्याटप्प्याने म्हणजे स्वस्थ बसून राहणं नव्हे. निदान जगण्यापुरतं तरी आधी द्यायचं, आणि भेदभाव आजपासूनच बंद.

इकडे महाराष्ट्रात त्याच काळात वेगळंच घडत होतं. ते कुणी जिनिव्हाकडे बघून केलेलं नव्हतं.

१९७२ चा दुष्काळ. आपल्या आया-सासवांनी तो पाहिलेला आहे. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलाने विकली. सरकारने दुष्काळी कामं काढली: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं कामावर होती. त्यात बायांची संख्या मोठी. मूल झोळीत टाकून, डोक्यावर पदर घेऊन दिवसभर खडी फोडायची. लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, आणि सुकडीची चव तर त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. मुकादमाच्या मस्टरवर नाव चढलं की त्या आठवड्याची चूल पेटली.

पण दुष्काळी काम म्हणजे सरकारला वाटलं तर काढलं, वाटलं तर बंद. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी तासगाव तालुक्यात १९६५ पासून करून पाहिलेली होती. दुष्काळानंतर ती राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. म्हणजे खेड्यातल्या मजुरीत मुंबईच्या पगाराचा वाटा होता. तिजोरी रिकामी आहे म्हणून हक्क देता येत नाही, या म्हणण्याला हे उत्तरच होतं. तिजोरी भरायची सोय कायद्याबरोबर केली.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, १० एप्रिल १९७९ ला, भारताने दोन्ही करार स्वीकारले. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दिल्लीने 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द मान्य केला तेव्हा महाराष्ट्रात कामाच्या हक्काला दिवस मोजून दिलेले होते: अर्ज केल्यापासून १५ दिवस. तेवढ्यात काम दिलं नाही तर बेकारी भत्ता, दिवसाला निदान एक रुपया. बाईला आणि पुरुषाला एकच दर. कामावर पिण्याचं पाणी, सावली, मुलांसाठी पाळणाघर, हेही त्यात होतं.

सगळं सुरळीत चाललं असं आम्ही म्हणणार नाही. पाळणाघर कित्येक ठिकाणी कागदावरच राहिलं. मोजमापाचे वाद झाले, मजुरी आठवडेच्या आठवडे थकली, आणि तो एक रुपया फारसा कुणाच्या हातात पडला नाही. तरी मोर्चा घेऊन तहसील कचेरीवर गेलेल्या बाया "काम द्या हो" अशी विनवणी करत नव्हत्या, त्या तारीख विचारत होत्या. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा कायदा समोर होता. केंद्राने वर्षाला १०० दिवसांची मर्यादा घातली, आपल्या जुन्या कायद्यात तशी मर्यादा नव्हती. १५ दिवसांची अट मात्र जशीच्या तशी घेतली.

हे १५ दिवस मोजायचे कुठून, तर अर्ज दिल्याच्या तारखेपासून. म्हणून काम मागणीचा अर्ज तोंडी करायचा नाही, लेखी द्यायचा. एकीने न देता गटाने मिळून दिला तर बरं. हातात पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि पोच घेतली की तिच्यावर शिक्का आहे का हे बघण्याच्या आधी तारीख आहे का ते बघायचं.